भिंतीलगतची जागा

"इथं," आत्या म्हणाली आणि हातातली काठी तिनं घाणेरीच्या झुडपात खुपसली.

शांतवनकाकांनी कुंचला चुन्याच्या बादलीत सोडला. "कुठं इथं?"

"ह्या इथं. भिंतीला लागून. माझी जागा."

"तबीथा, उन्हानं डोकं फिरलं का तुझं? इथं आपण सुकलेले हार टाकतो."

"मग मला फुलांची कमी पडायची नाही."

काका हसले नाहीत. ते चर्चच्या मंडळीच्या पंचांपैकी सर्वांत वडीलधारे होते आणि कबरस्तानाचं सगळं त्यांच्याकडे होतं. त्यांनी काठी न उचलता नुसत्या हनुवटीनं समोरची कबर दाखवली. चुना दिलेली, स्वच्छ, सिमेंटच्या क्रॉसवर 'योनाथान उजागरे, शिक्षक' अशी अक्षरं. ते माझे आतोबा, आत्याचे यजमान. माझ्या जन्माच्याही आधी ते तापानं गेले होते. त्यांच्या उजव्या अंगाला एका कबरीएवढी जागा तेव्हापासून मोकळी ठेवलेली होती. आत्या दर वर्षी तिथलं गवत स्वतः काढायची.

"मास्तरांच्या शेजारची जागा तुझी आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे," काका म्हणाले.

"ती कुणालाही द्या. मला ही हवी."

"का?"

"हवी म्हणून."

"रांग मोडते, तबीथा. आज तुला दिली की उद्या प्रत्येक जण भिंत मागेल. आणि लोक काय म्हणतील? नवऱ्याशेजारी निजायला नको म्हणते?"

"लोकांना म्हणू द्या. लोक काय माझ्यासोबत निजणार आहेत?"

ईस्टरच्या आधीचा तो सोमवार होता. आमच्या गावात या आठवड्यात प्रत्येक घर आपापल्या कबरींना चुना देतं, कारण ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जमते आणि सूर्य उगवेपर्यंत गाणी गाते. मी त्या वर्षी पुण्याला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि सुट्टीला प्रवरेकाठच्या या गावी आले होते. आत्याच्या पायांवर सूज होती. तिचं हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. पण ती स्वतः मिशन दवाखान्यात आयुष्यभर परिचारिका होती. तिला बाजूला घेऊन न सांगताही कळत होतं.

"शनिवारी पंच बसतील तेव्हा विचारतो," काका शेवटी म्हणाले. "पण माझं मत नाही असंच आहे. आधीच सांगतो."

"सांगितलंत, ऐकलं," आत्या म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात टेकून चालू लागली.

घरी वडील चिडले. आत्या त्यांची थोरली बहीण, तिच्यासमोर त्यांचा आवाज चढत नसे. म्हणून ते माझ्याशी मोठ्यानं बोलले.

"हन्ना, विचार तुझ्या आत्याला. माणूस गेला, त्याला जमाना झाला. अजून राग धरून बसायचं म्हणजे काय?"

"कसला राग?" मी विचारलं.

"तिलाच विचार."

आत्या बशीत चहा ओतून फुंकर घालत होती. "गोधडीचा," ती म्हणाली.

"कोणत्या गोधडीचा?"

"माझ्या आईनं शिवलेली. तिच्या सगळ्या लुगड्यांची. लग्नात मला दिली. एकदा दवाखान्यातून रात्रपाळी करून आले, तर पलंगावर गोधडी नाही. म्हटलं कुठे गेली? तर हे म्हणाले, एसटीच्या थांब्यावर एक बाई होती, पदराखाली तान्हं मूल, गारठली होती. दिली."

"मग? चांगलंच केलं की."

"चांगलंच केलं! सगळे हेच म्हणाले. पाळकसाहेबांनी तर रविवारच्या उपदेशात सांगितलं. मी पुढच्या बाकावर बसलेली. चांगुलपणा यांचा, गोधडी माझ्या आईची." तिनं चहा संपवला. "मला विचारायचं होतं गं. मी नाही म्हटलं असतं का?"

"म्हटलं असतंस?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "त्या दिवशी म्हटलं असतं. दुसऱ्या दिवशी स्वतःच नेऊन दिली असती."

त्यानंतर तिनं अबोला धरला. आठवडा गेला, दोन गेले. मग पावसाळ्यात मास्तरांना ताप आला आणि तिच्याच दवाखान्यात, तिच्याच वॉर्डात त्यांना ठेवलं.

"तेव्हाही बोलली नाहीस?"

"पाणी घ्या. गोळी गिळा. हात पुढे करा. इतर रुग्णांशी बोलते तेवढं. म्हटलं, बरे होऊन घरी आले की बोलू." तिनं बशी कपावर उपडी ठेवली. "ते घरी आले नाहीत."

सूर्य मावळायच्या आत राग सोडावा, असं आम्हांला रविवारच्या शाळेत शिकवायचे. शिकवणारी आत्याच होती.

मला वाटलं, उत्तर मिळालं. ती अजून रुसलेली आहे, म्हणून शेजारी नको. पण माझ्या विषयानं मला एक सवय लावली होती: एखादं उत्तर फार सहज सापडलं, तर खडक पुन्हा फोडून पाहायचा. रुसलेली बाई त्या कबरीला दर वर्षी स्वतःच्या हातानं चुना कशाला देईल? आणि तिला दूर जायचं असेल, तर कबरस्तान केवढं मोठं आहे. ती जागा मागत होती ती मास्तरांच्याच सरळ रेषेत, त्यांच्या क्रॉसच्या मागं, भिंत आणि क्रॉस यांच्यामध्ये. दूर नव्हे. दूर नव्हे, पण शेजारीही नव्हे. याचा अर्थ मला लागेना.

बुधवारी मी होकायंत्र घेऊन कबरस्तानात गेले. कारण काही खास नव्हतं. मला विचार करताना हातात काहीतरी मोजायला लागतं.

आमच्याकडे माणसाला डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला करून ठेवतात. क्रॉस डोक्याशी. प्रभू पुन्हा येईल तो पूर्वेकडून, अशी श्रद्धा आहे. हाक आली की माणूस उठून बसेल, आणि बसताक्षणी त्याचं तोंड आपोआप पूर्वेला, येणाऱ्याकडे असेल. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण कबरी नेमक्या पूर्वेला आहेत का, हे कधी कुणी पाहिलं नव्हतं.

नव्हत्या. काही उत्तरेकडे किंचित कललेल्या होत्या, काही दक्षिणेकडे. मी क्रॉसवरच्या तारखा वाचू लागले. डिसेंबर-जानेवारीत गेलेले सगळे आग्नेयेकडे झुकलेले होते. मे-जूनमध्ये गेलेले ईशान्येकडे.

शांतवनकाका कडुलिंबाखाली बसून कुंचले धूत होते. "सलाम, काका," मी म्हटलं. "कबर खणताना दिशा कशी धरता?"

"सलाम. तुला कशाला हवी गं दिशा?" पण विचारल्याचं त्यांना बरं वाटलं होतं. "सोपं आहे. खणायच्या दिवशी सकाळी सूर्य जिथं उगवला, तिकडं काठी रोवायची आणि दोरी ताणायची. आमच्या आज्यापासून तसंच आहे."

म्हणजे हिवाळ्यात गेलेली माणसं हिवाळ्यातल्या सूर्याकडे तोंड करून होती आणि उन्हाळ्यात गेलेली उन्हाळ्यातल्या. इतकं सुंदर काहीतरी मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. मी काकांना ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढं शिकायला पुण्याला जावं लागतं?"

"पण एक कबर चुकीची आहे," मी म्हटलं. "आतोबांची. ते गेले ऑगस्टात. त्यांची कबर जराशी ईशान्येकडे हवी. ती शेजारच्या कबरीला अगदी समांतर आहे, आणि ती बाई गेली जानेवारीत."

"ऑगस्टात सूर्य कुठला दिसायला?" काका म्हणाले. "चार दिवस झड लागली होती. आम्ही शेजारची कबर बघून खड्डा मारला. दोन माणसं खणत होती आणि दोन पाणी उपसत होती. काय दिवस होता तो! पाळकसाहेब नगरला अडकलेले. ओढ्याला पूर, पुढच्या दाराशी कमरेएवढं पाणी. पेटी न्यायची कशी? मग आम्ही चौघांनी लांबून बांधावरून नेली, उसातून, आणि मागच्या खिंडारातून आत आणली. माझा खांदा होता पुढं. देवदान, अब्राहाम आणि कोंडाजीचा याकोब. तिघंही आता इथंच आहेत."

त्यांनी हातानं तीन दिशांना तीन कबरी दाखवल्या. मी मात्र खिंडाराकडे पाहत होते. पुढचं दार पश्चिमेच्या भिंतीत आहे, जिला लागून घाणेरी आहे. खिंडार पूर्वेच्या भिंतीत.

"काका, पेटी आणताना पाय पुढं असतात ना?"

"नेहमी पायच पुढं. दारातून सरळ आत यायचं, होतं तसं खाली ठेवायचं. फिरवावं लागत नाही. पाय आपोआप पूर्वेला."

"दारातून आलं तर."

"हो, दारातूनच..." आणि काका थांबले.

त्यांनी हातातला लांब दांड्याचा कुंचला पाहिला. मग ते उठले, एवढ्या वयाचा माणूस, आणि कबरींमधून वाट काढत पार खिंडाराशी गेले. तिथून वळले. दांडा पुढं धरून, खांद्यावर खरंच काही असल्यासारखे सावकाश पावलं टाकत आले. मास्तरांच्या कबरीशी पोचल्यावर त्यांनी कुंचला होता तसा खाली ठेवला. दांड्याचं टोक भिंतीकडे होतं. घाणेरीकडे.

"आयला," काका म्हणाले, आणि लगेच स्वतःच्या गालावर एक चापटी मारून घेतली. "प्रभू, क्षमा कर."

"फिरवली असेल की ऐन वेळी," मी म्हटलं.

"नाही गं. कोण फिरवतंय? वर ताडपत्री बांधलेली, पाऊस तोंडावर, खड्डा पुन्हा भरायला लागलेला. आलो आणि सोडली दोरांनी. मग क्रॉस बसवला तो पुढच्या वर्षी, गवंड्यानं रांग बघून बसवला." ते कबरीच्या कडेवर बसले. "म्हणजे तो क्रॉस मास्तरांच्या पायाशी आहे. म्हणजे उद्या प्रभू आला, सगळं गाव उठून बसलं, तर सगळ्यांची तोंडं तिकडं आणि आमच्या मास्तरांचं एकट्याचं भिंतीकडे? सगळ्यांना ज्यांनी शिकवलं त्यांचं?"

त्यांचे डोळे भरून आले होते. त्याच क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आत्याची काठी आली, घाणेरीत खुपसलेली. मास्तर उठून बसले, तर त्यांना पहिली दिसेल ती तीच जागा.

आम्ही दोघं घरी पोचलो तेव्हा आत्या ओसरीत बसून ईस्टरच्या मेणबत्त्यांना कागदी टोप्या लावत होती, वाऱ्यानं विझू नयेत म्हणून. काकांनी चपलाही काढल्या नाहीत.

"तबीथा, तुला माहीत होतं?"

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या होकायंत्राकडे. "ह्या पोरीला शिकवायला नको होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. ताडपत्री वाऱ्यानं उडत होती, तिचं डोक्याकडचं टोक मी धरलं होतं. घरापासून धरून आले. तुम्ही पेटी सोडली तेव्हा मी जिथं उभी होते, तिथं डोकं होतं. मी उभी होते पूर्वेला."

"मग तोंडानं बोलायला काय झालं होतं गं तुला?"

"मला आधी वाटलं, रुसून निजले. माझ्याकडे पाठ, सगळ्या जगाकडे पाठ. दुसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर आलं तेव्हा कळलं काय झालंय ते. पण तोवर देवदान तापानं पडला होता, भिजून. याकोबचा खांदा सोलला होता. तुम्ही चौघांनी पुरातून माझं माणूस पोचवलं, आणि मी काय सांगू, उलटं पोचवलं? खांदा दिलेल्या माणसाला असं बोलतात का? जन्मभर दुखला असता तुमचा खांदा."

काका खाली बसले. मग म्हणाले, "आपण उघडू. पाळकसाहेबांची परवानगी काढतो. प्रार्थना करून, नीट, मास्तरांना सरळ करू. या शनिवारीच पंचांसमोर ठेवतो."

"खबरदार," आत्या म्हणाली. "हात लावायचा नाही."

"अगं पण..."

"माझं जमलंय, शांतवन. इतकी वर्षं लागली जमवायला. आता बिघडवू नका."

मला राहवलं नाही. "आत्या," मी म्हटलं, "तुला खरंच वाटतं का, की ज्या देवाला मेलेला माणूस उठवता येतो, त्याला तो फिरवता येणार नाही?"

"न यायला काय झालं?" तिनं एका मेणबत्तीची टोपी सारखी केली. "पण त्या दिवशी देवाला कामं थोडी असतील का? एवढी माणसं उठवायची. यांना हाक मारायचं काम माझं आहे. मी ते करीन."

"मागून उजेड आला तर माणूस आपसूक वळतो."

"तुझे आतोबा नाही वळायचे. समोर कुणी कुडकुडणारं दिसलं की मागं काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसायचा. मी मागून हाका मारून थकले आयुष्यभर. समोर जाऊन उभं राहावं लागतं, तेव्हा दिसतं त्यांना."

काका ओल्या डोळ्यांनी हसले. आत्या हसली नाही. ती मेणबत्त्या मोजल्यासारखी एकेक सरळ करत राहिली आणि मग आम्हां दोघांशी नाही, तर त्या मेणबत्त्यांशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आणि मला त्यांच्याशी जरा बोलायचंय. प्रभूसमोर जायच्या आधी. ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याशी आधी मिटवावं आणि मग वेदीपाशी जावं, असंच ना आपल्याला शिकवलं? मग मला तेवढा वेळ नको का? शेजारी निजले, तर ते तिकडं बघतायत आणि मी इकडं. उठल्या उठल्या घाई, गर्दी, गाणी. राहूनच जाईल. समोरासमोर असलो की ते आधी मला बघतील. मी त्यांना बघीन."

"काय सांगशील?" मी विचारलं.

"गोधडी दिलीत ते बरं केलंत. एवढंच." तिनं शेवटची मेणबत्ती टोपलीत ठेवली. "आणि मग सांगीन, आता मागं वळा. तो आलाय."

बाहेर वडिलांची सायकल वाजली. काका उठले, चपला अजून पायातच आहेत हे पाहून ओशाळले आणि दारात जाऊन थांबले.

"घाणेरी मी उद्या काढून टाकतो," ते म्हणाले. "पंचांना सांगायचं काय?"

"सांगा, म्हातारीला भिंत आवडली."

शनिवारी पंच बसले. कुणीतरी रांगेचा मुद्दा काढलाच. शांतवनकाका म्हणाले, रांग मी मोडतो, मला विचारा. मग कुणी विचारलं नाही. गावात थोडी कुजबुज झाली, की उजागरे बाईंचा राग मेल्यावरही जायचा नाही. आत्यानं ती ऐकली आणि खुलासा केला नाही. वडिलांना मात्र मी सांगितलं. ते ओसरीवर जाऊन बसले आणि जेवायला आत आले ते नेहमीपेक्षा उशिरा.

आत्या त्याच वर्षी नाताळच्या तोंडावर गेली, दुपारच्या झोपेत. मी पुण्याहून पोचले तेव्हा खड्डा तयार होता. त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं, सकाळी सूर्य आग्नेयेकडे स्वच्छ उगवला होता. पण काकांनी सूर्याकडे काठी रोवली नव्हती. त्यांनी दोरी मास्तरांच्या कबरीला धरून ताणली होती. मला पाहून ते जवळ आले.

"तुझं ते काट्याचं यंत्र आणलंयस का?"

आणलं होतं. मी दोन्ही कबरींवर धरलं. काटा एकाच ठिकाणी थांबला.

"दारातून," काका तरुण पोरांना म्हणाले. "पाय पुढं. आणि होतं तसंच ठेवा. कुणी शहाणपणा करायचा नाही."

त्यालाही आता खूप वर्षं झाली. शांतवनकाका रांगेतल्या त्यांच्या जागी आहेत, नोव्हेंबरातल्या सूर्याकडे तोंड करून. मी महाविद्यालयात खडक शिकवले आणि निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी काय होईल, हे माझ्या कोणत्याही उपकरणानं मला सांगितलेलं नाही. ईस्टरला मी गावी जाते. पहाटेच्या अंधारात मेणबत्त्या घेऊन माणसं कबरींमधून फिरत असतात. आतोबांचा क्रॉस त्यांच्या पायाशी आहे. त्याच्या पलीकडे आत्याचे पाय, आणि मध्ये हातभर मोकळी जमीन. दाराकडून येताना ती जवळची वाट पडते, म्हणून सगळे तिथूनच जातात.

मी वळसा घालून जाते.